आठ यत्ता, एक खोली : मुलांना जुन्या शाळेत बसवताना

पहिल्यांदा मुलांना घेऊन अमेरिकेतली जुनी एकखोली शाळा पाहायला गेलो, तेव्हा सगळं चार मिनिटांत आटोपलं. दाराला आडवा दोर बांधला होता. दोरापलीकडे लाकडी बाकं, काळा फळा, मधोमध ओतीव लोखंडाची शेगडी, कोपऱ्यात पाण्याची बादली. मुलं डोकावली, मी फोटो काढला आणि धाकट्यानं विचारलं, “आता आइस्क्रीम खायचं?” त्याचं काही चुकलं नव्हतं. मुलांविना शाळा म्हणजे नुसती खोली. तिच्यात पाहण्यासारखं असून असून किती असणार?

पुढच्या वसंतात दुसऱ्या एका गावातल्या तशाच शाळेत मुलं अडीच तास बसली. घंटा झाल्यावर रांगेत उभी राहिली, पाटीवर हिशेब केले, पाठ केलेल्या चार ओळी सगळ्यांसमोर म्हटल्या. परतताना गाडीत थोरली म्हणाली, “आई, बाई मोठ्या मुलांना नद्यांची नावं विचारत होत्या ना, ती मला पण आली. मला तर कुणी शिकवलीच नव्हती.”

एकखोली शाळेचं मर्म तिला गवसलं होतं. आपला धडा करता करता पलीकडच्या बाकावरचा धडा कानावर पडत राहतो आणि न शिकवलेलंही येऊन जातं. हे कळायला त्या बाकावर बसावंच लागतं. अमेरिका-कॅनडात राहणारे मराठी आईबाबा, सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आजी-आजोबा आणि दर रविवारी मराठी शाळा चालवणारे शिक्षक या तिघांना डोळ्यांपुढे ठेवून, हा अनुभव मुलांना नीट कसा द्यावा ते सविस्तर लिहिते आहे.

शाळा होती तरी कशी?

मुलांना नेण्याआधी आपल्याला थोडी माहिती हवी. १७८५ साली अमेरिकेत जमीन मोजणीचा एक कायदा झाला. त्यानुसार पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशात दर छत्तीस चौरस मैलांची एक टाउनशिप आखली गेली आणि तिच्यातला सोळावा चौरस मैल शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवला गेला. गावं वसायच्या आधीच शाळेची सोय कागदावर झाली. पुढे शेतकरी कुटुंबं आली, त्यांनी वर्गणी काढून, स्वतः लाकूड तोडून खोली उभी केली. मुलांना चालत येता यावं म्हणून दर दोन-तीन मैलांवर अशी एक शाळा असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात सुमारे दोन लाख एकखोली शाळा होत्या. मोंटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यांत काही आजही भरतात.

आत सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सगळे एकत्र. शिक्षक एकच. उन्हाळ्यात मोठे मुलगे शेतावर, त्यामुळे वर्गात लहानगी आणि मुली. हिवाळ्यात शेतीची कामं संपली की दांडगे मुलगे हजर. शिक्षकाला स्वतंत्र घर क्वचितच मिळे. तो आळीपाळीनं विद्यार्थ्यांच्या घरी राही, जेवण-निवारा हा पगाराचाच भाग. पुष्कळदा ‘तो’ नसून ‘ती’ असे, आणि तिला पुरुषापेक्षा पगार कमी. ‘लिटल हाउस’ मालिकेमुळे मुलांच्या ओळखीची असलेली लॉरा इंगल्स वाइल्डर १८८२ च्या डिसेंबरात शिकवू लागली, तेव्हा तिचा सोळावा वाढदिवसही दोन महिने दूर होता. पंधरा वर्षांची मास्तरीण! हे आपल्या नववीतल्या मुलीला सांगून पाहा. ती लगेच कान टवकारते.

पुस्तकं मोजकी. नोआ वेब्स्टरचं निळ्या पुठ्ठ्याचं स्पेलिंगचं पुस्तक १७८३ पासून चालत आलेलं. १८३६ पासून मॅकगफी यांची वाचनमाला. मूल कितवीत आहे हे वयावर ठरत नसे, वाचनमालेच्या कितव्या पुस्तकापर्यंत पोहोचलं यावर ठरे. शिक्षक एकेका गटाला पुढच्या बाकावर बोलावून धडा म्हणून घेत. त्या वेळी बाकीच्यांनी आपापलं काम करायचं, धाकट्यांचं काही अडलं तर थोरल्यांनी सांगायचं. शेगडीत लाकूड घालणं, पाणी भरणं, फळा पुसणं ही कामंही मुलांचीच.

कुठे जायचं?

जुनी घरं, दुकानं, शेतं, शाळा एका आवारात आणून वसवलेल्या खुल्या संग्रहालयांची कल्पना स्वीडनची. स्टॉकहोममधलं स्कान्सेन १८९१ साली सुरू झालं. तिथल्या माणसांनी त्या काळचा वेष करायचा, त्या काळची कामं करायची आणि पाहुण्यांनाही हात लावू द्यायचा, हीच ‘लिव्हिंग हिस्टरी’. अमेरिकेत ही परंपरा चांगली रुजली आहे.

मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला ग्रीनफील्ड व्हिलेज आहे. तिथली स्कॉच सेटलमेंट स्कूल ही १८६१ ची इमारत. हेन्री फोर्ड सात वर्षांचे असताना याच शाळेत जाऊ लागले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी हे खुलं संग्रहालय उभारलं, तेव्हा आपली शाळाही आत आणून ठेवली. मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्ड स्टरब्रिज व्हिलेजमध्ये न्यू हॅम्पशरमधून आणलेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची शाळा आहे. विस्कॉन्सिनमधल्या ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिनमध्ये १८९६ ची रास्पबेरी स्कूल आहे. आयोवात अर्बनडेलच्या लिव्हिंग हिस्टरी फार्म्समध्ये १८७५ चं गाव उभं केलं आहे आणि इंडियानात फिशर्सच्या कॉनर प्रेअरीत १८३६ चं. शाळा दोन्हीकडे आहे. टोरंटोकरांसाठी ‘द व्हिलेज अॅट ब्लॅक क्रीक’मधली (पूर्वीचं ब्लॅक क्रीक पायोनियर व्हिलेज) १८६१ ची डिक्सन्स हिल स्कूल आहे. लॉराच्या चाहत्या मुलांना साउथ डकोटातल्या डी स्मेट गावी न्या. ती ज्या शाळेत शिकली ती गावची पहिली शाळा तिथे आहे.

मात्र एवढ्या लांब जायलाच हवं असं नाही. तुमच्या काउंटीच्या इतिहास मंडळाकडे चौकशी करा. पुष्कळ मंडळांनी आपल्या भागातली एखादी शाळा जपलेली असते आणि निवृत्त शिक्षिका तिथे हौसेनं वर्ग घेतात. आमचा अडीच तासांचा वर्ग अशाच एका छोट्या शाळेत झाला. मोठ्या संग्रहालयात पाहायला खूप असतं, पण गर्दीत शाळेला दहा मिनिटंच मिळतात. छोट्या ठिकाणी एवढी एकच गोष्ट असते आणि ती पोटभर मिळते. पहिल्या खेपेला मी छोटी जागाच सुचवेन.

तिकीट काढण्याआधी विचारायचे प्रश्न

‘शाळा पाहायला मिळेल’ आणि ‘शाळा भरेल’ यांत मोठं अंतर आहे. फोन करा आणि हे विचारून घ्या :

१. त्या दिवशी वर्ग प्रत्यक्ष भरतो का? किती वेळाचा? तासाभरापेक्षा कमी असेल, तर मुलं नुसती बुजून बसतात. रंगात येईपर्यंत संपतं.

२. वर्ग फक्त शाळांच्या सहलींसाठी असतो, की कुटुंबांनाही बसता येतं? सहलींचे वर्ग बहुधा आठवड्याच्या दिवशी असतात. तुमची मराठी शाळा किंवा पाच-सहा कुटुंबं मिळून गट म्हणून नोंदणी करता येते का, तेही विचारा.

३. कोणत्या वयासाठी? सात ते बारा हे वय सर्वांत चांगलं. पाच वर्षांच्या मुलाला भूमिका आणि खरं यातला फरक नेहमी कळतोच असं नाही. तेरा-चौदाच्या मुलांना नुसतं विद्यार्थी म्हणून बसवू नका, शिक्षिकेचे मदतनीस करता येईल का विचारा. त्या काळी तेच होत असे.

४. शिकवणारी व्यक्ती भूमिकेत राहते, की मधून मधून आजच्या भाषेत समजावते? पूर्ण भूमिकेत राहणाऱ्या बाईंना मोबाइल म्हणजे काय हे ‘माहीत नसतं’. काही मुलांना यात भारी मजा येते, काही गोंधळतात. आपलं मूल कसं आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

५. शिस्तीचा भाग कसा दाखवतात? कोपऱ्यात उभं करणं, टोकदार टोपी घालणं असले प्रकार होतात का? मूल बुजरं असेल, अडखळत बोलत असेल किंवा एका जागी बसणं त्याला अवघड जात असेल, तर हे आधी सांगून ठेवा. चांगल्या शिक्षिका अशा मुलाला घंटा वाजवायचं किंवा पाणी वाटायचं काम देतात आणि ते मूल फुलतं.

६. पायऱ्या, स्वच्छतागृह, शेगडीची ऊब. आजी-आजोबा सोबत असतील तर हे विचाराच. या इमारती बहुधा उंच जोत्यावर असतात आणि पाठ टेकायला धड जागा नसते.

आदला आठवडा

निम्मा अनुभव तयारीतच आहे. सहलीच्या आदल्या रात्री धावपळ करण्यापेक्षा आठवडाभर रोज पंधरा मिनिटं काढा.

आधी मुलाला त्या काळचं एक आयुष्य द्या. वय तेच, पण घर शेतावरचं. सकाळी कोणतं काम उरकून निघालास? गाय कुणी पिळली? किती मैल चाललास? पाठीवर धाकटी बहीण होती का? हे दोन-तीन दिवस जेवताना बोलत राहा. वर्गात कुणी विचारलं की मूल आपसूक उत्तर देतं.

चार ते आठ ओळींची एखादी इंग्रजी कविता पाठ करून घ्या. त्या शाळांत पाठांतराला फार मान होता. शुक्रवारी दुपारी पालकांसमोर पाठांतराचा आणि स्पेलिंगच्या चढाओढीचा कार्यक्रम होई. समोर उभं राहून, हात बाजूला ठेवून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणायचं. एवढा सराव पुरे.

कपड्यांवर पैसे घालवू नका. मुलाला साधा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गडद पँट, मुलीला लांब साधा झगा आणि वरून एप्रन. आजीच्या जुन्या सुती साडीचा एप्रन तासाभरात शिवून होतो. चित्रं छापलेले टी-शर्ट आणि दिवे लागणारे बूट मात्र घरी राहू द्या.

डबा पत्र्याच्या डब्यात किंवा कापडात बांधून. पाव-लोणी, उकडलेलं अंडं, उकडलेला बटाटा, सफरचंद, चीजचा तुकडा. शाकाहारी मुलांनी अंडं वगळलं की झालं. प्लास्टिकची पिशवी, रसाचं खोकं आणि चिप्स नकोत. पाण्याबद्दल मुलांना एक गोष्ट सांगा. त्या काळी बादलीत एकच ओगराळं असे आणि सगळी मुलं त्यालाच तोंड लावून पीत. रोग पसरतात हे लक्षात आल्यावर १९०९ मध्ये कॅन्सस राज्यानं असं सामायिक भांडं वापरायला बंदी घातली. करोनाच्या वर्षांतून गेलेल्या मुलांना याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक पाटी आणा. खरी, दगडी, लाकडी चौकटीची. भारतातून येताना कुणाला तरी आणायला सांगा. पाटीवर लिहिताना येणारा तो करकरता आवाज, चूक झाली की फडक्यानं पुसून पुन्हा लिहिणं, पाटी भरली की आधीचं पुसावंच लागणं, हे मुलांनी आधी घरी अनुभवलं तर वर्गात ती चाचपडत नाहीत. पुसलं की गेलं, म्हणून डोक्यात ठेवायचं. त्या शाळा पाठांतरावर चालत, त्याचं हेही एक कारण.

प्रत्यक्ष वर्गात

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. हातघंटा वाजण्याआधी अंगणात उभं राहणं हाही शाळेचाच भाग आहे. बहुतेक ठिकाणी मुलगे आणि मुली वेगळ्या रांगा करतात, आत येताना शिक्षिकेला वाकून नमस्कार करतात. मुलं खुदखुदतील. खुदखुदू द्या.

मग स्वतः मागे हटा. आईबाबांनी मागच्या भिंतीशी उभं राहावं, खुणा करू नयेत, उत्तरं पुटपुटू नयेत. फोटो सुरुवातीला एक आणि शेवटी एक. आईच्या हातात फोन दिसला की मूल लगेच आजच्या काळात परततं.

वर्गात तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा, म्हणजे नंतर मुलांशी बोलता येईल. एक, शिक्षिका एका गटाला पुढे बोलावतात तेव्हा मागची मुलं काय करतात? त्यांची मान खाली असते आणि कान पुढे. दोन, थोरलं मूल धाकट्याला कसं सांगतं? बहुधा शिक्षिकेपेक्षा कमी शब्दांत. तीन, उत्तर चुकलं की काय होतं? तोंडी हिशेबात चूक सगळ्यांना ऐकू जाते आणि पुढच्याला संधी मिळते. आपल्या मुलाला हे बोचलं का, की तो हसून पुढे गेला?

मधल्या सुट्टीत जुने खेळ मागून घ्या. ‘अँटी ओव्हर’ या खेळात दोन गट शाळेच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि छपरावरून चेंडू पलीकडे फेकतात. पलीकडच्यानं झेलला तर वळसा घालून धावत येऊन गडी बाद करायचा. बर्फ असेल तर ‘फॉक्स अँड गीझ’. चाकासारखी वर्तुळं पावलांनी आखायची आणि त्याच वाटांवरून पळायचं. दोन्हीत पाच वर्षांचं आणि तेरा वर्षांचं मूल एकत्र खेळू शकतं. वयाप्रमाणे वेगळे संघ करण्याची सवय झालेल्या आपल्या मुलांसाठी ही मोठी नवलाई आहे.

बाकावर कोण नव्हतं?

हा भाग टाळू नका. शेगडीची ऊब आणि सफरचंदाचा वास एवढीच आठवण घेऊन मूल घरी आलं, तर त्याला अर्धाच इतिहास मिळाला.

दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या मुलांना या गोऱ्यांच्या शाळांत जागा नव्हती. त्यांच्या वाट्याला आल्या मोडक्या खोल्या आणि टाकून दिलेली पुस्तकं. तेव्हा काळ्या समाजाचे शिक्षक-नेते बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी एक योजना आखली. रोझेनवाल्डांचे पैसे, काळ्या समाजाची वर्गणी आणि श्रमदान, आणि सरकारी हिस्सा. १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत जवळपास पाच हजार शाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येक एक-दोन शिक्षकांच्या. वर्णभेदी शाळा बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो १९५४ मध्ये. मूळनिवासी मुलांना तर घरापासून तोडून दूरच्या वसतिशाळांत नेलं गेलं. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइलची शाळा १८७९ ची. तिथे मुलांचे केस कापले जात आणि आईची भाषा बोलण्याला मनाई असे. रविवारी मराठी शिकायला कंटाळणाऱ्या आपल्या मुलाला हे सांगा. उपदेश करू नका, नुसतं सांगा.

आणि मग पुण्याची गोष्ट सांगा, कारण ती याच गोष्टीला जोडलेली आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. बाकावर कोणाला बसू दिलं जात नाही, हा प्रश्न पुण्यातला माणूस तेव्हा अमेरिकेकडे पाहत विचारत होता. आपली मुलं तोच प्रश्न अमेरिकेतल्या बाकावर बसून विचारतील.

मुलांना वर्गात शिक्षिकेला विचारायला दोन प्रश्न देऊन ठेवा : “या शाळेत कोणाला येता येत नसे?” आणि “तुम्हाला पुरुष शिक्षकाइतका पगार मिळतो का?” चांगल्या संग्रहालयांत अशा प्रश्नांचं स्वागत होतं.

घरी आल्यावर : आजी-आजोबांची शाळा

सहलीनंतरचा आठवडा सर्वांत मोलाचा. त्याच संध्याकाळी भारतात फोन लावा. आज सत्तरीत असलेल्या पुष्कळ मराठी माणसांनी पहिली ते चौथी एका खोलीत, एका गुरुजींकडे केली आहे. शाळा कधी मारुतीच्या देवळात, कधी चावडीवर, कधी कुणाच्या पडवीत. घंटा म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा. जमीन शेणानं सारवायचं काम मुलींच्या माथी. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा.

मुलांनी आजी-आजोबांना ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ असं मोघम विचारलं, तर उत्तरही मोघम येतं. नेमकं विचारायला शिकवा :

गुरुजी दुसरीला शिकवत असताना पहिली काय करत असे? पाटी पुसायला काय वापरायचात? बसायला काय होतं, आणि कोण कुठे बसायचं? कोणी वेगळं, दाराबाहेर बसायचं का? मार कशाबद्दल बसायचा? मधेच शाळा कोणी सोडली, आणि का?

शेवटचे तीन प्रश्न अवघड आहेत, पण उत्तरं मिळतात. माझ्या मुलीनं माझ्या आईला शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा आईनं एका मैत्रिणीचं नाव घेतलं. मी आईची मुलगी, पण ते नाव पन्नास वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. तिसरीत पहिल्या आलेल्या त्या मुलीला धाकटं भावंड सांभाळायला घरी बसवलं होतं. फोन बराच वेळ शांत होता. हे संभाषण ध्वनिमुद्रित करा, मुलांकडून दोन पानं लिहून घ्या, तारीख घाला आणि जपून ठेवा.

आजी-आजोबा इथे आलेले असतील, तर त्यांना सहलीला नेच. माझे सासरे मागच्या बाकावर बसून होते. तोंडी हिशेब सुरू झाले आणि साडेतीनपट विचारल्यावर औटकीच्या बळावर त्यांनी सगळ्यांआधी उत्तर दिलं. शिक्षिकेनं त्यांना पुढे बोलावलं. नातवंडांनी आजोबांकडे त्या दिवसापासून जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

आपल्या मराठी शाळेत जुन्या शाळेचा दिवस

परदेशातल्या बहुतेक मराठी शाळा भरतात त्या ग्रंथालयाच्या, देवळाच्या नाहीतर भाड्याच्या एखाद्या खोलीत. पाच वर्षांची मुलं आणि तेरा वर्षांची मुलं, कुणाला घरी मराठी बोलायची सवय, कुणाला ‘आजी’पलीकडे शब्द येत नाही. शिक्षक स्वयंसेवक, एक किंवा दोन. आपण याला अडचण समजतो. खरं तर दर रविवारी आपण एकखोली शाळाच भरवतो आहोत, आणि ती चालवायची रीत दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाली आहे.

शिवाय ती रीत आपल्याला परकी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये एग्मोर इथल्या अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक पाहत होते. स्थानिक शाळेतली मुलं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती पद्धत उचलली. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, हेही तिथेच बसवलं. १७९७ मध्ये लंडनला त्यांनी त्याची हकीकत छापली. जोसेफ लँकेस्टर यांनी तशाच शाळा इंग्लंडमध्ये चालवल्या, आणि १८०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्या पद्धतीची शाळा निघाली. लहानग्यांना तिथे वाळूच्या मेजावर अक्षरं गिरवायला देत. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धुळपाटी तीच.

म्हणून वर्षातून एक रविवार असा ठेवा. सुमारे पावणेतीन तासांचा आराखडा देते :

घंटा, रांग, हजेरी : १५ मिनिटं. प्रत्येकानं ‘हजर’ म्हणायचं. पाणी वाटणं, फळा पुसणं, घंटा वाजवणं ही कामं वाटून द्यायची.

धुळपाटी : ३० मिनिटं. पसरट लाकडी ट्रेमध्ये चाळलेली बारीक वाळू दोन-तीन मिलिमीटर जाडीची पसरा. दोन मुलांत एक ट्रे, एक थोरलं आणि एक धाकटं. थोरल्यानं अक्षर काढायचं, धाकट्यानं त्यावरून बोट फिरवायचं, मग ट्रे हलवून पुसायचं. थोरल्याचं ‘झ’ नि ‘ऋ’ इथेच सुधारतं, कारण दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की मूल नीट काढतं.

पाढे आणि तोंडी हिशेब : ३० मिनिटं. पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी यांची ओळख करून द्या. सव्वा डॉलरला एक पेन, तर आठ पेनांचे किती? ज्याला ‘आठ सव्वा दहा’ ठाऊक आहे, त्याला कागद लागत नाही. हे कळल्यावर मुलं स्वतःहून पुढचं मागतात.

मधली सुट्टी : २० मिनिटं. लगोरी, आंधळी कोशिंबीर, विटी-दांडूला जागा असेल तर तोही.

पुढचं बाक : ४० मिनिटं. हा दिवसाचा गाभा. तीन गट करा. एक गट पुढे येऊन धडा वाचेल, बाकीचे पाटीवर काम करतील. शेवटी कुणालाही न सांगता धाकट्या गटाला मोठ्यांच्या धड्यातले दोन प्रश्न विचारा. उत्तरं येतात! पालकांना हेच दाखवायचं आहे.

पाठांतर : १५ मिनिटं. शेवटी १० मिनिटं एखाद्या आजी-आजोबांना मुलांचे प्रश्न.

छडीचं नाटक करू नका. अनेक आजी-आजोबांच्या मनात तो मार अजून ताजा असतो, आणि मुलांना त्यातलं फक्त हसू लक्षात राहतं. मार बसत असे, हे शब्दांत सांगा. तेवढं पुरतं.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांना यासाठी संग्रहालय शोधायला नको. डोंगराळ भागात, वाड्या-पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आजही दोन शिक्षक चार यत्ता सांभाळतात. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन मुलांना तिथे एक दिवस वर्गात बसू द्या. मात्र ती चालती शाळा आहे, प्रदर्शन नाही. फोटो काढू नका, खाऊ वाटायला जाऊ नका, शिक्षकांना विचारून गरजेची पुस्तकं न्या, आणि आपल्या मुलाला तिथल्या मुलांकडून काहीतरी शिकून यायला सांगा.

आमच्या मराठी शाळेतल्या पहिल्या जुन्या दिवसानंतर थोरलीनं एक गोष्ट चालू ठेवली. ती आता दर रविवारी मागच्या बाकावर बसत नाही. सहा वर्षांच्या एका मुलाशेजारी बसते. त्याला ‘ळ’ जमत नव्हता. परवा तो तिला न विचारता ‘बाळ’ लिहून मोकळा झाला, आणि मग मान वळवून पलीकडच्या गटाचा धडा ऐकू लागला.